एका खेळपेटीचा जीर्णोद्धार

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत एके दुपारीं आमच्या दारापुढें एक हातगाडी येऊन उभी राहिली. तिच्यावर सुतळीनें आवळलेली, साडेपांच फूट उंचीची, कपाटासारखी एक वस्तु आडवी घातलेली होती. तिची डावी बाजू खालून वाळवीनें पोखरली होती, समोरची कांच तडकली होती, आणि जेथें खेळणाऱ्यानें हात टेकावयाचे त्या फळीवर कोंबड्यांनीं बरेच दिवस वस्ती केल्याच्या खुणा होत्या. माझ्या पत्नीनें तें सारें आपादमस्तक न्याहाळलें आणि शांतपणें विचारलें, “अहो, ही शवपेटी कोणाची?”

“माझ्या बालपणाची,” मी म्हणालों.

तिनें एकदां पेटीकडे व एकदां माझ्याकडे पाहिलें, आणि “दोघांचीही स्थिति सारखीच दिसते,” असा अभिप्राय देऊन ती आंत निघून गेली. तिचें तरी काय चुकलें? वर्गांत मुलांना काटकसरीवर निबंध लिहावयास सांगणाऱ्या मास्तरानें भंगाराच्या वखारींत अडीच हजार रुपये मोजून असली वस्तु घरीं आणावी, याचें समर्थन करणें कठीणच होतें.

आज जे विद्यार्थी आठवी-नववींत आहेत, त्यांनीं ही वस्तु बहुधा पाहिली नसेल. त्यांच्या पालकांना मात्र ती चांगली आठवत असेल. नाणें टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळाची ही पेटी. १९७२ सालीं अमेरिकेंत अटारी नांवाच्या नव्या कंपनींत अॅलन अल्कॉर्न या तरुण एंजिनिअरानें ‘पाँग’ हा खेळ तयार केला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्यें टोलविला जाणारा एक ठिपका, इतकाच तो खेळ! कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत त्याचें यंत्र ठेवलें, तें थोड्याच दिवसांत बंद पडलें. अल्कॉर्न दुरुस्तीस गेला आणि पाहतो तों यंत्र शाबूत. नाण्यांचा डबा मात्र कांठोकांठ भरल्यामुळें पुढचें नाणें आंत शिरत नव्हतें. पुढें १९७८ सालीं जपानांतील तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यांत शत्रु जसजसे मरत तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येत. हा वेग मुळांत कोणीं योजलेला नव्हता. पडद्यावर काढावयाच्या आकृति कमी झाल्या म्हणजे त्या काळच्या मंद यंत्राचा भार हलका होई व तें आपोआप भरभर चाले. निशिकादो यांनीं तो दोष काढून न टाकतां खेळाचा प्राण म्हणून राखून ठेवला. मुलांच्या अंगच्या दोषांकडे पाहतांना आम्हां शिक्षकांस ही गोष्ट आठवावी असें मला पुष्कळदां वाटतें.

आमच्या शहरांत अशा पेट्यांचें एक पार्लर बसस्थानकाच्या मागें होतें. मी १९९५ सालीं आठवींत होतों. पत्र्याच्या छपराची, खिडकी नसलेली ती खोली. आंत चार पेट्या, बिडीचा धूर, आणि दहाबारा मुलांचा घोळका. खेळणारा एक व शिकविणारे अकरा! तेथील सर्वांत आवडतें यंत्र म्हणजे ‘मुस्तफा’. खेळाचें खरें नांव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवरून कॅपकॉम या जपानी कंपनीनें तो १९९३ सालीं काढला होता. तें लांबलचक नांव आमच्या जिभेस पेलवेना. खेळांतील चौघां वीरांपैकीं एकाचें नांव मुस्तफा, म्हणून सगळा खेळच आमच्यापुरता मुस्तफा झाला. आणि त्या पिढीच्या मनुष्यास आजही एवढें नांव घेतलें म्हणजे पुरें, त्याचा चेहरा खुलतो. एक रुपयास एक डाव. जीव संपले कीं खेळ संपला, मागच्याची पाळी.

त्या अंधाऱ्या खोलीशीं माझी एक गोष्ट निगडित आहे. ती मीं तीस वर्षें कोणास सांगितली नव्हती. ती योग्य स्थळीं सांगेन.

पेटी घरांत आल्यावर प्रथम लाकूडकाम हातीं घेतलें. माझे वडील मिशनच्या एका कर्मशाळेंत सुतारकाम शिकवीत असत. २०१६ सालीं ते प्रभूमध्यें विसावले, तेव्हांपासून त्यांची हत्यारांची पेटी आमच्या माळ्यावर तशीच पडून होती. ती खालीं काढली. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, सर्व कांहीं तेल लावून फडक्यांत गुंडाळलेलें! माझा मुलगा नववींत शिकतो. घरांत असूनही तो घरांत नसतो, अशी त्याची अलीकडची स्थिति. हातांत मोबाइल, कानांत बोंडें. हांक मारली तर तिसऱ्या हांकेस ‘काय?’ एवढें उत्तर. “जरा फळी धर,” म्हणून मीं त्याला बोलाविलें. तो आला तो मोबाइलसकट आला, व एका हातानें फळी धरून उभा राहिला.

बाजूच्या फळ्यांचा खालचा आठ इंचांचा भाग कुजला होता. तो कापून तेथें १९ मिलिमीटर जाडीचें नवें प्लायवूड बसवावयाचें ठरलें. पहिला काप मीं घेतला. दुसरा मुलानें घेतला, कारण माझी दमछाक पाहून त्याला राहवेना. त्यासाठीं त्याला मोबाइल खिशांत ठेवावा लागला, हा त्या दिवसाचा खरा लाभ. काप पाहून तो म्हणाला, “सरळ आहे, पप्पा.” मलाही तो सरळच वाटला. गुण्या लावून पाहिला, तर एक सुताचा फरक! “डोळ्याला सरळ दिसतें म्हणून सरळ समजूं नकोस, गुण्या लाव,” असें माझे वडील शिष्यांना नेहमीं सांगत. तेंच वाक्य माझ्या तोंडून निघालें, आणि त्याबरोबर त्यांचा आवाजही निघाला असावा. कारण मुलानें चमकून माझ्याकडे पाहिलें. मग रंधा मारून तो एक सूत काढला. पांच दिवसांत दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. घांसून, लांबी भरून त्यांवर नवा सनमायका चढविला.

यानंतर चित्रनलिकेचा प्रश्न आला. येथें विद्यार्थ्यांस एक सूचना देणें अवश्य आहे. ही कांचेची नलिका जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांच्या १८९७ सालच्या शोधाची वंशज. रंगीत चित्रनलिका चालू असतांना तिच्यांत वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो. आणि वीज बंद करून तार काढून घेतली तरी तो सांठा नलिकेंत बराच वेळ राहूं शकतो. तेव्हां जुना टी. व्ही. कुतूहलानें उघडून आंत हात घालणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय. आम्हीं हें काम जुने टी. व्ही. दुरुस्त करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिरांकडे सोंपविलें. त्यांनीं प्रथम तो सांठा सुरक्षितपणें जमिनींत उतरविला, मग तासभर तपासणी केली आणि मान हालविली. “मास्तर, हिची ई. एच. टी. जळाली आहे. ही आतां बाजारांत मिळत नाहीं, आणि माझ्याजवळची शेवटची मीं मागच्याच वर्षीं दिली.” मला फार वाईट वाटलें. त्या फुगीर कांचेचा तो उबदार प्रकाश मला परत हवा होता. शेवटीं संगणकाचा एक जुना सपाट पडदा बसविला. नवे पडदे आडवे लांबट असतात. त्या खेळांचें चित्र रुंदीस चार तर उंचीस तीन या प्रमाणाचें. म्हणून तशाच प्रमाणाचा पडदा शोधावा लागला.

तारांचें काम मात्र अगदीं रंजक निघालें. १९८५ सालीं जपानांतील उत्पादकांच्या संघटनेनें ‘जामा’ नांवाची एक प्रमाणभूत जोडणी ठरविली. तिच्यांत ५६ स्पर्शबिंदु, प्रत्येक बाजूस २८. वीज कोठून यावी, चित्राचे लाल, हिरवा व निळा हे रंग कोठून जावेत, नाण्याची वर्दी कोणत्या तारेनें पोंचावी, सर्व ठरलेलें. त्यामुळें पेटी तीच ठेवून आंतली पाटी तेवढी बदलली कीं नवा खेळ सुरू. आमच्या पेटींतील पाटी पूर्वींच कोणीं तरी काढून विकली होती. ती जोडणी मात्र तोंड वासून लोंबत होती. मुलगा मीटर घेऊन एकेक तार तपासूं लागला. जी तार अखंड असेल तिच्यावर मीटर ‘पीं’ असा आवाज करी. रात्रीं साडेदहा वाजतां त्याची आई त्याला जेवावयास बोलावीत होती आणि तो पेटीच्या पोटांतून “दोनच तारा राहिल्या!” असें ओरडत होता. तिसऱ्या हांकेसही तो आला नाहीं. पण या वेळीं मला राग आला नाहीं.

नाण्याच्या यंत्रानें आम्हांस मोठें कोडें घातलें. डब्याखालच्या फटींत एक रुपयाचीं दोन जुनीं नाणीं अडकलेलीं सांपडलीं. तीं टाकलीं तर यंत्र बरोबर चाले. नाणें घरंगळत जाऊन एका बारीक तारेस स्पर्श करी आणि खटका दाबला जाई. आजचा रुपया टाकला तर तो नुसताच खालीं पडे. मापें घेतल्यावर उलगडा झाला. १९९२ सालापासूनचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा व ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ सालापासून रुपया लहान व हलका झाला. मात्र त्याच २०११ सालच्या मालिकेंतील दोन रुपयांचें नाणें नेमकें जुन्या रुपयाच्या मापाचें निघालें! खांचेंत जें पूर्वीं एका रुपयांत होई त्यास आतां दोन पडूं लागले. “पप्पा, महागाई,” मुलगा म्हणाला, आणि आम्ही दोघेही पुष्कळ दिवसांनीं एकत्र हंसलों.

पेटीचा मेंदू म्हणून आम्हीं रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक घेतला. मुलांनीं संगणकाचें अंतरंग शिकावें या हेतूनें केंब्रिज येथील एका संस्थेनें तो २०१२ सालीं काढला. त्यावर ‘मेम’ नांवाचा कार्यक्रम चालतो. इटलीचे निकोला साल्मोरिया यांनीं तो १९९७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तो नव्या संगणकास जुन्या पाटीचें सोंग घ्यावयास शिकवितो. पण सोंग घेणारा आणि संहिता या दोन वेगळ्या वस्तु आहेत. मेम सर्वांस मोफत आहे. खेळ ज्याचे त्याच्या मालकीचे.

येथेंच माझी परीक्षा झाली. सुट्टीच्या शेवटच्या रात्रीं मुलानें मला डोळे मिटावयास सांगून पेटीपुढें उभें केलें. डोळे उघडले तों पडद्यावर मुस्तफा! मी गोष्टी सांगत असें त्या लक्षांत ठेवून त्यानें इंटरनेटवरून त्याची प्रत मिळविली होती, आणि तिच्याबरोबर आणखी दोन हजार खेळ. मी खोटें सांगत नाहीं. माझा हात आपोआप दांड्यावर गेला, आणि पहिला टप्पा संपेपर्यंत मला कशाचीही आठवण झाली नाहीं. मग मीं विचारलें, “हे विकत घेतलेस?” “विकत कोण घेतो, पप्पा? सगळे असेच घेतात. इतके जुने खेळ! कोणाचें काय बिघडतें?”

मुस्तफा रीतसर विकत मिळतो का, तें आम्हीं त्याच रात्रीं शोधलें. आम्हांला तो कोठेंही मिळाला नाहीं. म्हणजे ज्या खेळासाठीं तीन आठवडे खपलों, तोच प्रामाणिकपणें मिळण्याची वाट बंद. “हा काढून टाकावा लागेल,” मी म्हणालों. मुलाचा चेहरा उतरला. त्यानें मला भेट दिली होती, आणि मी ती नाकारीत होतों. ‘चोरी’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता; परंतु तो उच्चारण्याचा मला अधिकार होता काय? तेव्हां मीं त्याला जवळ बसविलें आणि ती तीस वर्षांची गोष्ट सांगितली.

उपासनेस निघतांना माझी आई दर रविवारीं माझ्या हातावर एक रुपया ठेवी. तो दानाच्या थैलीसाठीं. त्या पावसाळ्यांत ओळीनें पांच रविवार मीं थैलींत मूठ घातली, उघडल्यासारखी केली, आणि रुपया तसाच मुठींत ठेवून थैली पुढें सरकविली. उपासना संपली कीं तो रुपया पार्लरांत जाई. पांचव्या रविवारीं मी खेळत असतां मागचा गोंगाट एकाएकीं थांबला. वळून पाहतों तों वडील! ते रागावले नाहींत. माझा डाव चालू होता, तो संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, “चल, आईनें ताट वाढून ठेवलें आहे.” वाटेंत एक शब्द नाहीं, घरीं नाहीं, आठवडाभर नाहीं. पुढच्या रविवारीं आईच्या ऐवजीं त्यांनींच माझ्या हातावर नाणीं ठेवलीं. एक नव्हे, दोन. “हा मंडळीचा, आणि हा तुझा,” ते म्हणाले. “एकमेकांत मिसळूं नकोस.”

त्या रविवारीं मीं दोन्ही रुपये थैलींत टाकले. त्यापुढच्या रविवारीं मात्र एकच टाकला व दुसऱ्याचा मुस्तफा खेळलों. आणि तसा निर्धास्त खेळ मी पूर्वीं कधींच खेळलों नव्हतों. त्या काळीं दर आठवड्यास एक रुपया अधिक म्हणजे वडिलांना काय पडत असेल, हें मला कळलें नाहीं. त्यांच्या पश्चात् त्यांची हिशेबाची वही चाळली तेव्हां कळलें. कर्मशाळेंतील चहाचा खर्च त्या महिन्यापासून वहींत दिसत नाहीं. मीं अपराध केला हें त्यांना ठाऊक होतें, आणि त्यांना तें ठाऊक आहे हें मला ठाऊक होतें; पण “माझें चुकलें” हे दोन शब्द मीं त्यांना कधींच म्हणून दाखविले नाहींत. आतां ते ऐकावयास ते नाहींत. म्हणून ते मीं त्यांच्या नातवापाशीं म्हटले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानें एकच प्रश्न केला, “आजोबांनीं खरेंच मारलें नाहीं?” मीं मान हालविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेटीच्या फळीवर संगणकाचें तें लहानसें कार्ड काढून ठेवलेलें होतें, आणि त्याखालीं आजोबांचा गुण्या. “सगळे पुसले,” तो म्हणाला. “मुस्तफासुद्धां.”

आमची पेटी रिकामी मात्र राहिली नाहीं. कांहीं जुन्या खेळांच्या मालकांनीं ते घरगुती उपयोगासाठीं मोकळे केले आहेत, असें शोधाअंतीं समजलें. ‘रॉबी रोटो’, ‘ग्रिडली’, ‘सर्कस’ हे त्यांपैकीं. ते आम्हीं घेतले. शिवाय मुलानें व त्याच्या दोन वर्गमित्रांनीं पायथन भाषेंत एक स्वतःचा खेळ लिहिला. पावसांत डबकीं चुकवीत घंटेपूर्वीं शाळा गांठावयाची, असा तो आहे. त्यांतील मुख्याध्यापक फाटकांत उभे असतात व त्यांस चष्मा आहे. साम्य योगायोगाचें आहे असें लेखकांचें म्हणणें आहे!

पालकांस एक गोष्ट नम्रपणें सुचवावीशी वाटते. जुनीं यंत्रें साधुसंत होतीं असें मी म्हणत नाहीं. मुलांचीं नाणीं लवकर संपावींत म्हणूनच ते खेळ अवघड केलेले असत. तथापि त्या खेळास शेवट होता, त्यासाठीं उभें राहावें लागे, आणि शेजारीं दुसरा मुलगा असे. मोबाइलवरील पुष्कळशा खेळांस यांपैकीं कांहींच नाहीं. मुलाच्या हातांतील मोबाइल हिसकावून घेणें सोपें आहे. मीही तें करून पाहिलें आहे. त्याच्या हातांत करवत देऊन फळीचें दुसरें टोंक आपण धरावें, हें अधिक कष्टाचें, पण त्यांत मुलगा परत मिळण्याचा संभव अधिक.

पेटी आतां आमच्या ओसरीवर उभी आहे. घरचें यंत्र म्हणून नाणें न टाकतांही ती चालविण्याची सोय करतां आली असती. ती आम्हीं मुद्दाम केली नाहीं. जो येतो तो दोन रुपये टाकतो, मी सुद्धां. यंदाच्या कापणीच्या सणाच्या आदल्या रात्रीं आम्हीं डबा उघडला, त्यांत १८४ रुपये निघाले. जक्कयाच्या चौपटीच्या हिशेबानें माझें देणें वीसच रुपयांचें होतें. मुलानें सगळीं नाणीं मोजून पिशवींत भरलीं, आणि मग खिशांतून आणखी एक नाणें काढून तें वेगळें माझ्या हातावर ठेवलें.

“हें तुमचें, पप्पा,” तो म्हणाला. “त्यांत मिसळूं नका.”